चिंगीची फर्माइश

गावच्या त्या छोट्या रेडिओ केंद्राने आजवर इतके रंग बदलले की सरड्यानेही तोंडात बोट घालावं. आधी फर्माइशीची गाणी होती. मग नवे मालक आले, म्हणाले गाणी कोण ऐकतं, बाजारभाव लावा. झालं, सकाळ-संध्याकाळ कांदे-बटाटे. पुढे खेळांचं धावतं वर्णन आलं, आणि त्याच्या मागोमाग एक वैद्य, जो तासन् तास पोटाच्या तक्रारींवर बोलायचा आणि शेवटी स्वतःचीच गोळी खपवायचा. दर बदलात माणसं गळत गेली. वादक गेले, तबकड्या सांभाळणाऱ्या बाई गेल्या, बातम्या वाचणारे गेले, आणि वैद्यही शेवटी नुसता ध्वनिफितीपुरता उरला. राहिले एकटे निवेदक, ज्यांना सगळं गाव रेडिओमामा म्हणायचं. गाडीत माल कुठलाही भरा, ओढायला बैल तोच.

आता तेही संपणार होतं. उद्यापासून सगळं दूरच्या शहरातल्या संगणकावरून येणार होतं आणि सकाळी माणूस येऊन मायक्रोफोन काढून नेणार होता. मामांना वाईट वाटत होतं का? वाटत होतं की. पण त्याहून जुनं एक दुखणं होतं, ते म्हणजे चिंगी, त्यांची एकुलती एक मुलगी.

फर्माइशीच्या काळात नियम कडक होता. केंद्रात काम करणाऱ्याने घरच्यांची नावं घ्यायची नाहीत, लोक काय म्हणतील! लहानगी चिंगी दर आठवड्याला पत्र लिहून केंद्राच्या पेटीत टाकायची आणि रविवारी आईच्या मांडीवर बसून रेडिओला कान लावायची. मामा शिंप्याचं नाव घेत, शिंप्याच्या मेव्हण्याचं घेत. एकदा तर कुणीतरी थट्टेने लिहिलेलं म्हशीचं नावही वाचून मोकळे झाले. चिंगीचं कधी घेतलं नाही. बरं, घरी येऊन पोरीला जवळ घ्यावं, समजवावं, तर तेही नाही. बोलायची सगळी हौस केंद्रावर फिटायची आणि घरात तोंडाला कुलूप.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन डोंगरापलीकडच्या शहरात गेली. आई वारली तेव्हा आली, चार दिवस राहिली आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हशीचंसुद्धा नाव घेतलंत." बस, तेवढंच. तेव्हापासून फोनवर नुसतं "बरी आहे, ठेवते." मामा रोज संध्याकाळी सवयीने दोन कप चहा करत आणि दुसराही स्वतःच पीत.

डोंगरापलीकडे दिवसा या केंद्राचा आवाज पोचत नसे. सूर्य मावळला की मात्र या लहरी लांबवर धावतात. म्हणून तर दिवेलागणीला एक खटका खाली ओढून यंत्राची ताकद कमी करायची, नाहीतर पलीकडच्या केंद्राच्या बोलण्यात यांचं बोलणं घुसतं. मामांनी तो खटका उभ्या आयुष्यात कधी चुकवला नव्हता.

त्या संध्याकाळी चुकवला, आणि तोही जाणूनबुजून. एकवार खटक्याकडे बघितलं, म्हणाले राहा मेल्या तसाच, आणि वैद्याला पोटदुखीच्या मध्यातच गप्प करून मायक्रोफोनपुढे बसले.

"ही फर्माइश आहे चिंगीची," ते जुन्या सुरात म्हणाले. "ऐकणार आहेत चिंगी, चिंगीची आई, आणि चिंगीचे बाबा." मग त्यांनी झोपाळ्याचं ते गाणं लावलं, जे पोरगी दर पत्रात मागायची.

गाणं संपायच्या आत फोन खणखणला. चिंगीच असणार म्हणून मामांनी झडप घालून उचलला. पण फोन होता पलीकडच्या केंद्रातल्या यंत्रवाल्याचा, आणि तो चांगलाच तापला होता. आमच्या बातम्यांत तुमचा झोपाळा कुठून आला म्हणे! मामांनी त्याला पोटभर बोलू दिलं आणि मग हळूच विचारलं, शहरात सगळीकडे ऐकू गेलं असेल का? शब्द न् शब्द गेला, तो म्हणाला. मामांनी त्याचे इतके आभार मानले की बिचारा गोंधळूनच गेला. मग त्यांनी खटका खाली ओढला आणि लेकीला फोन लावला.

"रेडिओ लावला होतास का गं?"

"माझ्याकडे रेडिओच नाही, बाबा. मी कधी घेतलाच नाही."

सगळं शहर गाठलं आणि नेमकं घर चुकलं. काय होतं रेडिओवर, तिने विचारलं. तुझी फर्माइश होती, त्यांनी कसंबसं सांगितलं.

"मग आता म्हणा ना," ती म्हणाली. "ऐकतेय मी."

मामांनी घसा साफ केला. "ऐकणार आहेत चिंगी," एवढं नीट आलं. "चिंगीची आई..." आणि तिथे आवाज जो अडकला तो अडकलाच. मायक्रोफोनपुढे क्षणभराचीही शांतता कधी जाऊ न दिलेला माणूस फोन कानाला लावून नुसता बसून राहिला. गाणं केव्हाच संपलं होतं, वैद्य पुन्हा लावायचा राहिला होता. केंद्रावरून काहीच जात नव्हतं आणि गावात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आता ती "ठेवते" म्हणणार, म्हणून मामा वाट बघत होते. ती म्हणाली नाही.