कॉफी न पिणारा साहेब

लॅम्बर्ट साहेबाला आमची अरबी भाषा आमच्याहून साफ येई. इंग्रजांच्या राज्यात तो अख्ख्या जिल्ह्याचा धनी होता, तरी गावात आला की आमच्या गालिच्यावर मांडी घालून बसे. पहिल्यांदा त्याला कॉफी दिली ती मीच, लहान असताना. कप काठोकाठ भरला, तर आईने पाठीत धपाटा घातला. "पाहुण्याला हाकलतेस काय गं? घोटभरच ओतायची!" साहेब खो खो हसला. त्याला आमच्या सगळ्या रीती ठाऊक होत्या.

म्हणूनच इंग्रजांविरुद्धच्या बंडाच्या साली त्याने कप तोंडाला न लावता समोर ठेवला. मागणं पुरं होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि न पिता उठला तर यजमानाची मान कायमची खाली.

"अबू धीब," तो बाबांना म्हणाला; धीबचे बाप म्हणून सगळे त्यांना हीच हाक मारत. "तुमचा धीब माझ्या हवाली करा. चार प्रश्न विचारून सोडतो. माझा शब्द."

"देऊ नका हो!" आई आतून ओरडली.

पण बाबा गावचे मुख्तार, म्हणजे पाटील. त्यांनी माझ्या भावाला स्वतःच्या हाताने बाहेर आणलं. साहेबाने कॉफी संपवली. अक्का शहरातल्या तुरुंगात धीबला फाशी दिली.

पुढे इंग्रज गेले, युद्धात गाव गेलं आणि आम्ही खलील शहराजवळच्या डोंगरावर तंबूत आलो. एका सकाळी पांढऱ्या जीपमधून पीठ आणि घोंगड्या घेऊन उतरलं कोण? लॅम्बर्ट साहेब! आता तो निर्वासितांचा वाली झाला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. बाबांना मिठी मारून तो तंबूत बसला, आणि कप समोर ठेवला.

"अबू धीब, लोक तुमचं ऐकतात. सगळ्यांना ट्रकमध्ये बसवा. वाळवंटापलीकडे पक्की घरं आहेत, दवाखाना आहे. इथे पोरं गारठून मरतील."

"आणि आमचं गाव?"

"तेही मिळवून देईन. माझा शब्द."

माझी सल्मा मांडीवर खोकत होती. तिला अजून दातही आले नव्हते. गावाचं मला काही सुचत नव्हतं, मला चार भिंती हव्या होत्या.

"बाबा, हो म्हणा," मी म्हणाले. "पाया पडते."

बाबांनी साहेबाची गार झालेली कॉफी तंबूबाहेर ओतली. किटली उचलली आणि कप भरत राहिले, काठावरून ओघळून बोटं भाजेपर्यंत.

"घ्या साहेब."

या वेळी साहेब हसला नाही. उभ्यानेच प्यायला आणि जीपकडे गेला.

ट्रक शेजारच्या छावणीतली माणसं घेऊन गेले. बर्फ पडलं त्या आठवड्यात सल्मा गेली. कबर बाबांनीच खणली, माझ्याकडे एकदाही न बघता. मी त्यांना कधीच माफ केलं नाही. पण लॅम्बर्ट साहेब पुन्हा आला असता, तर तो कप मीच भरला असता, काठोकाठ.