रुतलाच नाही!

मित्रांनो, कानांवर काळे तुरे, आखूड शेपटी आणि अंगाच्या मानाने भलतेच मोठे पंजे, अशी मी कॅनडाच्या उत्तरेकडची रानमांजर. मला लिंक्स म्हणतात. नऊ हिवाळे पाहिलेली मी म्हातारीच म्हणा ना! माझ्या आईने मला एकच गाणं शिकवलं:

"पड रे हिमा, मऊ मऊ,
वैरी रुते, आपण जाऊ."

खरंच, भुसभुशीत बर्फावर माझे पंजे सुपासारखे पसरतात. कायोटी, तो कोल्ह्याचा थोरला भाऊबंद, मात्र पोटापर्यंत रुततो. या गाण्याच्या भरवशावरच मी पिल्लं वाढवली.

यंदा जानेवारीत पाऊस पडला. जानेवारीत! मी अंग झाडायचंही विसरले.

रानाच्या कडेला स्कारबरो शहरातल्या चारुदत्तकाका आणि शीलाकाकूंचं सुट्टीचं कॉटेज आहे.

"वा, पाऊस! आज फावडं घेऊन बर्फ शोव्हल करायला नको. माझी पाठ सुटली," काका हसले.

"तुमची पाठ नि तुम्ही! ती मनी बघा, भिजलीये बिचारी," म्हणत काकूंनी माझ्यासाठी पायरीवर दूधभात ठेवला.

मी काही तो हुंगला नाही. रोज कायोटीच काकांनी मोकळ्या केलेल्या वाटेने येऊन वाडगा चाटूनपुसून जाऊ लागला. मी मनात म्हटलं, खाईना का! बर्फातून माझ्यापर्यंत थोडाच येणार?

चौथ्या सकाळी थंडी कडाडली. ओला बर्फ गोठून काच झाला. त्या काचेवरून कायोटी दौडत आला. रुतलाच नाही! मी बघतच राहिले. माझ्या दोन पिल्लांतलं एकच झाडावर पोचलं.

पळीने पातेलं बडवत काकू धावल्या, पण उशीर झाला होता. रिकाम्या वाडग्याशी त्या मटकन बसल्या. "अहो, मीच त्याला जेवू घालून दारात बोलावलं हो!"

"आणि मी पावसावर खूश होतो," काका पुटपुटले.

आता पायरीवर वाडगा नसतो. काका रोज आभाळाकडे बघतात. "पडेल का गं बर्फ?"

"पडू दे हो. मीही येईन शोव्हल करायला."

मित्रांनो, मला दूधभात नको. तुमचा धूर आवरा, ही अवेळची ऊब आवरा. माझा मऊ बर्फ मला परत द्या. उरलेलं पिल्लू कुशीत शिरून गाणं म्हण म्हणतं. पहिली ओळ मी म्हणते.

दुसरीच्या वेळी मी त्याला नुसतीच चाटत राहते.