शोकेसमधला नांगरदिवा

मित्रांनो, मी एक जुना नांगरदिवा आहे. होडी नांगर टाकून उभी असली, की अंधार पडल्यावर तिच्यावर एक दिवा लागतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना ती दिसते. तो दिवा मी. मला वायर नाही, तेल नाही. माझ्या डोक्यावर एक काळी काच आहे. तिच्यातून मी दिवसभर ऊन खातो आणि सांज झाली की आपोआप लागतो. असा उन्हावर जगणारा मी, आणि आयुष्यातलं पुरं एक वर्ष मी बोरिवलीच्या एका शोकेसमध्ये काढलं. एका बाजूला शिंपल्यांचा गणपती, दुसऱ्या बाजूला कंपनीनं निवृत्तीला दिलेलं बंद घड्याळ. ऊन समोरच्या खिडकीच्या गजांपर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं. उपाशी माणसाला मिठाईच्या दुकानासमोर बांधून ठेवावं, तशी माझी गत होती.

मला कोंडणारी माणसं दुष्ट नव्हती. तेच तर दुखणं आहे.

घर चंद्रप्रकाशकाकांचं. काका मूळचे मालवणकडचे, उभा जन्म विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोराईच्या खाडीत शिडाची एक छोटी होडी घेतली. तिच्यावर आधी गाडीच्या बॅटरीवर चालणारा मोठा बल्ब होता. तो ऐटीत लागायचा आणि उजाडायच्या आत बॅटरी गिळून बसायचा. म्हणून काकांनी तीन सौर दिवे आणले आणि इमारतीच्या गच्चीवर, पापडांच्या चादरीशेजारी, ओळीनं उन्हात मांडले. पहिला झगझगीत, दुसरा रंग बदलणारा, तिसरा मी.

नलिनीकाकू पापड गोळा करायला वर आल्या आणि मला बघून हसल्या. "अहो, हा तर देवघरातल्या बल्बाएवढापण नाही! हा काय उजेड पाडणार?"

"अगो, आपल्याक उजेड पाडूचो नाय हा," काका म्हणाले. "आपण दुसऱ्याक दिसलव म्हणजे झाला."

झगझगीत भाऊ पहिल्याच रात्री मध्यावर विझला. रंगवाल्याला बघून सोसायटीच्या सेक्रेटरीनं विचारलं, "गच्चीवर लग्न आहे का कोणाचं?" मी मात्र खाल्लेलं ऊन पुरवून पुरवून वापरलं. ढगाळ दिवसानंतरही सकाळपर्यंत टिकलो आणि निवडला गेलो. गर्व करू नये म्हणतात, पण तेव्हा थोडा झाला होता.

चार वर्षं मी डोलकाठीच्या टोकावर राहिलो आणि एकही संध्याकाळ चुकवली नाही. त्याच खाडीतून रतन नावाचा कोळी आपली मासेमारीची मोठी बोट आणायचा. तो काकांना म्हणायचा, "काका, तुमचा दिवा झकास! तो दिसला ना, की मी डोळे मिटून वळतो." माझ्यासारख्या चिमुकल्याला याहून मोठं बक्षीस कोणतं?

मग ती नारळीपौर्णिमा आली. पावसाळ्यात बंद असलेली मासेमारी तेव्हा पुन्हा सुरू होते आणि खाडीत बोटींची वर्दळ वाढते. काकांनी पूजेसाठी मला खाली उतरवलं. काकूंनी होडीला हळदकुंकू लावलं, मग मला. पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून त्यांनी कुंकू तेलात कालवलं होतं. चार बोटं भरून त्यांनी ते माझ्या कपाळावर फासलं. पण मित्रांनो, माझं कपाळ हेच माझं तोंड! काळी काच पार बुजून गेली. पूजेचं लावलेलं पुसायचं नसतं, म्हणून काकांनीही मला तसाच वर चढवला.

भर दुपारी मला रात्र वाटू लागली. रात्र म्हटली की लागायचं, एवढंच मला ठाऊक. मी दिवसाउजेडी जळत राहिलो. पोटात काही जाईना, होतं ते संपत गेलं. बाहेर श्रावणातलं कोवळं ऊन पडलं होतं आणि मी एका कुंकवाच्या थराआड कोंडलो होतो. ओरडावं तर मला आवाज नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी विझलो.

त्याच संध्याकाळी काका भरतीची वाट बघत होडीत बसले होते. पाऊस भुरभुरत होता, म्हणून ताडपत्रीखाली दोरांचा गुंता सोडवत होते. वर मी लागलो असणार, हे ते धरूनच चालले होते. रतनची बोट वळणावर आली. माझा दिवा दिसला नाही, म्हणजे काकांची होडी आज तिथं नाही, असं समजून तो सरळ आला.

धडक बसली. काका पाण्यात फेकले गेले. रतननं उडी मारून त्यांना वर काढलं. मनगट मोडलं होतं. "दिवा कुठंय, काका? दिवा नव्हता ना!" तो रडकुंडीला येऊन विचारत होता. काकांनी वर माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

दोन दिवसांनी काकांना इस्पितळातून आणि मला होडीवरून घरी आणल्यावर काकूंनी मला चक्क हात जोडले. "पूजेचा दिवा हा, संकट स्वतःवर घेऊन विझला. ह्यानंच वाचवलं हो तुम्हाला!" काकांचा एक हात प्लास्टरमध्ये होता. दुसऱ्या हातात त्यांनी मला घेतलं आणि त्यांचा अंगठा काचेवरच्या तेलकट कुंकवावर थांबला. जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस तो, त्यांना एका क्षणात सगळं कळलं. मी मनात म्हणालो, पुसा, काका, पुसा! पण त्यांनी काकूंकडे पाहिलं. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. काकांनी अंगठा मागे घेतला. "ठेव ह्याका शोकेसमध्ये," ते म्हणाले.

असं वर्ष गेलं. काकू रोज मला नमस्कार करायच्या. काका काचेसमोर यायचे, उभे राहायचे, निघून जायचे. मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा. एक शब्द बोलले असते तर मी सुटलो असतो.

रतननं आणि त्यांनी मिळून होडी दुरुस्त केली. माझ्यासारखाच नवा दिवा आला. पुन्हा नारळीपौर्णिमा आली. नव्याला पाटावर बसवून काकूंनी वाटीत कुंकू तेलात कालवलं. काचेआडून मी बघत होतो. त्यांची बोटं खाली येऊ लागली.

"थांब गो," काका म्हणाले. "थयसर नको. ता त्याचा तोंड."

काकूंचा हात तिथंच राहिला. त्यांनी नव्याकडे पाहिलं, मग शोकेसकडे, माझ्या लाल कपाळाकडे. "म्हणजे त्या दिवशी..."

काकांनी मान डोलावली.

"वर्षभर मी ह्याला हात जोडतेय आणि तुम्ही नुसते बघताय?"

"तुझा मन मोडात म्हणान."

"आणि पुन्हा धडक बसली असती तर? माझं मन काय करायचं होतं मग?" काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी काच सरकवली, मला बाहेर काढलं आणि साबणाच्या पाण्यानं घासघासून धुतलं. नव्याला त्यांनी तळाशी, पायापाशी, इवलंसं कुंकू लावलं. मला खिडकीच्या ग्रिलवर उन्हात ठेवलं.

मित्रांनो, वस्तूवर माया जरूर करा. पण तिचं तोंड कुठे आहे, ते आधी बघा. आणि चूक दिसली तर आपल्या माणसाला त्याच दिवशी सांगा.

वर्षभर रिकामी राहिलेली माझी बॅटरी आता पूर्वीसारखी भरत नाही. तरी त्या संध्याकाळी मी लागलो. काकूंचा विश्वास बसेना. "एवढासा उजेड," त्या पुटपुटल्या. तेव्हा काका दुखरं मनगट सांभाळत चार जिने उतरले, पार गेटच्या बाहेर गेले आणि तिथून वर बघून ओरडले, "दिसता गो! दिसता!"