राजसीच्या मापाची शाळा

"सर, आजच्या आज घेतलंत तर कलर किट फ्री. दोनच सीट उरल्यात," फोनवरची मॅडम म्हणाली.

"अहो ताई, दोन सीट उरायला ही काय शेअर रिक्षा आहे का?"

शीलाने, माझ्या बायकोने, मला कोपर मारलं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "संध्याकाळी फायनल सांगतो. बहुतेक तुमचंच."

मी किसन. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, राहायला अंबरनाथच्या पालेगावात. माझ्या कात्रीला उसंत नाही, आणि तोंडाचं तर विचारूच नका. आणि पोटी मुलगी अशी, की शब्द तिच्या ओठांवर येऊन अडतो. राजसी नऊ वर्षांची. शाळेत मोठ्याने वाचायला उभं केलं की वर्ग खिदळायचा. दिवाळीनंतर तर युनिफॉर्म अंगात घातला की ती उलटी करायला लागली. शेवटी वर्षभर घरीच शिकवायचं ठरवलं. मी आठवी, शीला बारावी. म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम शोधत होतो. चुकीचा निवडला तर पोरगी घरातही गप्प होईल, या धास्तीने शीलाला घास गोड लागत नव्हता. मलाही नव्हता, पण मी तसं दाखवत नव्हतो.

आमच्या धंद्यात एक कायदा आहे. आधी एक सँपल पीस शिवायचा, कुणाला तरी घालून उठबस करायला लावायची, मगच लॉट कापायचा. म्हणून मी तीन कंपन्यांचे फुकटचे ट्रायल घेतले आणि आठवडाभर कामावरून आल्यावर स्वतः मोबाइलसमोर बसलो. एकात अस्वल नाचत नाचत गुणाकार शिकवत होतं. माझं डोकंच उठलं. दुसऱ्यात सुती साडीतली एक बाई सावकाश बोलायची, तेही आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं. मला डुलकी लागली. तिसरा मात्र लाइव्ह! पंचवीस मुलं, चटाचट प्रश्न, दहा सेकंदांत उत्तर, बरोबर आलं की टाळ्या. मी राजसीच्या नावाने उत्तरं टाइप करत होतो. अपूर्णांक मला या वयात तिथे कळले. माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, खोटं कशाला सांगू!

"ठरलं. लाइव्हच घ्यायचं," फोन ठेवून मी जाहीर केलं.

"माप कुणाचं घेतलंत?" शीला कांदा चिरता चिरता म्हणाली.

"म्हणजे?"

"सँपल तुम्ही घालून बघितलंत. पँट कुणाची शिवायचीय?"

कारखान्यात एखाद्याने मोठ्या माणसाच्या मापावर पोरांचा लॉट कापला असता, तर मी त्याचा उद्धार केला असता. आणि इथे मीच!

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारच्या लाइव्ह क्लासला राजसीला बसवलं. माइक चालू झाला, टीचरने तिला विचारलं, "फोर्टी-टू डिव्हायडेड बाय सिक्स?"

"स... स..."

"सात! अगं, सात!" मी मागून ओरडलो. तेवढ्यात टिंग वाजलं आणि टीचर पुढच्या मुलाकडे गेली. राजसी उठून बाल्कनीत गेली. मला माझीच लाज वाटली.

तासाभराने शीलाने तिला समजावून पुन्हा आणलं आणि साडीवाल्या बाईचा धडा लावला. बाई म्हणाली, "पाणी तापवलं की त्याचं काय होतं?" राजसीने पटकन स्क्रीनवर बोट ठेवलं. बाई हात वर करून तिथेच थांबली.

"वा... वा..."

मी तोंड उघडलं. शीलाने आपला कांद्याचा हात त्याच्यावर ठेवला.

"वाफ," राजसी म्हणाली. मग तिने श्वास घेतला आणि झाकणाला खालून पाणी कसं लागतं, ते अख्खं सांगितलं. सांगून झाल्यावर तिने बाईला पुढे चालू केलं. बाई म्हणाली, "बरोबर! वाफ होते."

राजसी खो खो हसली. किती महिन्यांनी! "पप्पा, ही थां... थांबते!"

मग काय, संध्याकाळपर्यंत तिने बाईचे चार धडे संपवले आणि बाईला पन्नासदा तरी थांबवलं असेल. धडा पाण्याचा, आणि ही तिला आमच्या बिल्डिंगच्या बंद लिफ्टची तक्रार सांगत होती. मी नुसता बघत बसलो.

सातला फोन वाजला. लाइव्हवाली मॅडम. मी उचलणार, तर राजसीने हात पुढे केला. "मी सां... सांगते."

तिने फोन स्पीकरवर टाकला. मी खिशातली मापाची टेप काढून बोटांभोवती गुंडाळायला लागलो.

"हॅलो, म... मॅडम. आम्हाला तु... तु..."

"हॅलो? नेटवर्क जातंय का? हॅलो?"

शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी टेप आवळली.

"नेटवर्क आहे," राजसी म्हणाली. "मी अ... अशीच बोलते."

मग मॅडम हळूच म्हणाली, "सॉरी, बेटा. बोल तू. मी ऐकतेय."

"तुमची टी... टीचर थांबत नाही. म्हणून आम्ही दु... दुसरीकडे अ... अॅडमिशन घेतोय. थँक्यू."

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. "पप्पा, या वेळी तुम्ही म... मध्ये बोलला नाहीत."

मी बोटांवरची टेप सोडली. बोटं पांढरी पडली होती, आणि त्यांवर सेंटिमीटरच्या रेघा उमटल्या होत्या.