भरतीच्या आधी

“भरतीच्या आधी या,” खिडकीकाकांनी फोनवरचा निरोप मोठ्याने वाचला. “भरतीनंतर काही उपयोग नाही.”

आणि झुरळावर वाटी पालथी घालावी तसा त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला.

“तिथल्या घरमालकाला कुणी सांगितलं?”

“काय?” बायकोने विचारलं. ती बुटांना पॉलिश करत होती. परदेशी जायचं तर बूट चकचकीत हवेत, असं तिचं मत होतं. जायचं वाळूत आहे, हे तिला दोनदा सांगून झालं होतं.

“तुझ्या भरतीचं. एकवीस तारखेचं. मी एक अक्षर लिहिलेलं नाही.”

तिने ब्रश खाली ठेवला. “अहो, त्या माणसाच्या दारात समुद्र आहे. समुद्राला काय येते?”

काका विचारात पडले. “भरती,” ते म्हणाले.

“मग?”

“मग तसं स्पष्ट लिहायला काय होतं?”

यात काकांचा फारसा दोष नव्हता. एका मोठ्या हॉस्पिटलच्या भरतीच्या खिडकीत त्यांचं आयुष्य गेलं होतं, म्हणून तर सगळे त्यांना खिडकीकाका म्हणत. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, आणि भोकापलीकडे माणसं. नाव, वय, सोबत कोण, एवढंच विचारायचं. शेवटी प्रत्येक जण तेच विचारी, “किती दिवस लागतील?” आणि काका तेच सांगत, “डॉक्टर सांगतील.” एकदा एकाने कॅन्टीन कुठे आहे विचारलं, तेव्हाही त्यांच्या तोंडून हेच गेलं होतं. समुद्राला भरती येते हे त्यांना शाळेत शिकवलं असणार. पण शाळा ही शाळा आणि नोकरी ही नोकरी.

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून तिने निम्म्या शहराला गाडी शिकवली होती. उरलेलं निम्मं शहर न शिकताच रस्त्यावर आलंय, अशी तिची तक्रार होती. विद्यार्थी तिला ब्रेकबाई म्हणत. गेल्या महिन्यात तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनसाठी एकवीस तारखेला भरती व्हायचं ठरलं. त्या दिवशी घरी येऊन तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, “त्याच्या आधी मला समुद्र बघायचाय. दुसऱ्या देशातला.”

“आपल्या देशातला का नको?”

“तिथे ओळखीचे लोक भेटतात.”

तिचा धाकटा भाऊ सहली विकायचा. तो लगेच रंगीत कागद घेऊन हजर झाला. “ताई, रिसॉर्ट घे. खाणं, पिणं, छत्री, मसाज, सगळं त्यात आलं. बोट हलवायला नको.”

“बोट हलवायचं नसेल तर इथे काय वाईट आहे?”

“अगं, शिरल्याशिरल्या मनगटाला एक पट्टा बांधतात. तो दाखवला की झालं.”

“पट्टाच बांधून घ्यायचा तर यांच्या हॉस्पिटलात जाते की. तिथे सवलतही मिळेल.”

भाऊ दाजींकडे वळला. दाजी छताकडे बघत होते.

“आणि पैसे?” ती म्हणाली. “तुझ्या रिसॉर्टात तीन दिवसांत जेवढे जातील, तेवढ्यात मी दहा दिवस राहीन. जागा बघून ठेवलीय मी.”

जागा यादीच्या अगदी तळाशी सापडली होती. फोटोत लांबलचक ओली वाळू होती आणि तिच्या टोकाला, कुणाच्या खिशातून काडेपेटी पडावी तसं, एक घर. विमान सर्वांत स्वस्त, म्हणजे कुणालाच नको अशा वेळी सुटणारं. मग एक बस, मग बाजाराच्या दिवशीच धावणारी दुसरी बस, मग पायी.

“एकाही पाहुण्याने काही लिहिलेलं नाही याच्याबद्दल,” भाऊ फोन चाळत म्हणाला.

“म्हणजे कुणाची तक्रार नाही.”

“किंवा तक्रार करायला कुणी उरलं नाही.”

तिघंही हसले. काका जरा आधी थांबले.

घरमालक आपल्या भाषेत लिहायचा आणि फोन त्याचं मराठी करून द्यायचा. फोनचं मराठी तापात बडबडणाऱ्या माणसासारखं होतं. घरमालक बाई आहे की बुवा, हेही त्यातून कळेना. सकाळी ‘मी वाट पाहतो’ यायचं आणि संध्याकाळी ‘मी वाट पाहते’. घराला कुलूप नाही, कारण कुणी येत नाही, असं एकदा आलं. रस्ता दिवसातून दोनदा मरतो, असंही आलं. त्याचा अर्थ बायकोने लावला. घर आणि गाव यांच्यामध्ये वाळूचा पट्टा आहे, भरतीला तो पाण्याखाली जातो. “म्हणून तर स्वस्त आहे,” ती खूश होऊन म्हणाली. “गिऱ्हाइकं घाबरतात.”

काका गिऱ्हाईकच होते. पण बायकोला समोरासमोर नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. तारीख गाठायची, भरती करायचं, ऑपरेशन उरकायचं, समुद्र कुठे पळून जातोय, हे सगळं त्यांनी आरशासमोर दोनदा नीट बोलून पाहिलं होतं. आरशाला पटलं होतं. शेवटी त्यांनी दुसरीकडून मोडता घालायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, ते घरमालकाला लिहू लागले. एवढं छळायचं, की त्यानेच कंटाळून नको म्हटलं पाहिजे.

भाडं निम्मं करा, त्यांनी लिहिलं.

बरं, असं उत्तर आलं.

त्या निम्म्याचंही निम्मं करा.

बरं. मासे धरून.

काकांना घाम फुटला. भाजीवाल्याशीसुद्धा इतकं सोपं जात नसे. घासाघीस करताना समोरचा ‘बरं’ म्हणू लागला की समजावं, त्याला पैसे नकोत, दुसरंच काहीतरी हवंय.

आमच्याकडून जिना चढवत नाही.

जिना पडला आहे.

आम्हाला आवाज चालत नाही.

आवाज करणारे गेले.

जवळ डॉक्टर हवा.

डॉक्टर होता. तो भरतीत गेला.

हे काकांनी उभं राहून वाचलं, बसून वाचलं. डॉक्टर स्वतःच भरती झाला, की त्याला समुद्राने नेलं? दोन्ही अर्थ वाईट होते. काकांच्या धंद्यात पहिला अधिक वाईट समजला जाई.

मग त्यांनी खरं ते लिहून टाकलं. माझी पत्नी आजारी आहे. तिचं ऑपरेशन आहे. तिला नाही म्हणणं मला जमणार नाही. कृपा करून तुम्हीच खोली रिकामी नाही असं कळवा.

एरवी मिनिटात उत्तर देणारा माणूस त्यावर गप्प झाला. दुसऱ्या दिवशीही काही आलं नाही. काकांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण डबा उघडावा आणि भूक नसावी, तसं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर नेहमीची रांग होती. भोकातून एक हात आत आला. नखांत काळं पॉलिश अडकलेलं होतं.

“नाव?” काकांनी मान वर न करता विचारलं.

“इतकी वर्षं एका घरात राहून अजून विचारता?”

काकांनी मान वर केली. काचेपलीकडे बायको उभी होती, इतर पेशंटांसारखी, पर्स पोटाशी धरून.

“अगं, तू इथे? रांगेत कशाला उभी राहिलीस? मला घरी सांगितलं असतंस तर…”

“तारीख बदलायचीय. घरी सांगितलं असतं तर बदलली असतीत?”

काकांनी तिच्यामागच्या रांगेकडे पाहिलं.

“मावशी, घरचं घरी बोला,” मागून एकजण म्हणाला.

“दोन मिनिटं हो, दादा. घरी हे बोलत नाहीत.” तिने फोन भोकातून आत सरकवला. “उत्तर आलंय तुमचं. आपल्या दोघांचं खातं एकच आहे. तुम्ही लिहिता ते माझ्या फोनवरही दिसतं, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.”

काकांनी वाचलं. मी नाही म्हणणार नाही. नाही म्हणा असे तिने विचारले असते तर म्हटले असते. तिने नाही विचारले, तू विचारलेस. भरतीच्या आधी या.

“मीसुद्धा जन्मभर दुसऱ्याच्या गाडीत ब्रेक दाबला,” बायको म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “पण आधी ओरडून सांगायची, दाबतेय म्हणून. तुम्ही टेबलाखालून दाबलात.”

“चुकलं माझं.”

“असू दे. आता ऐका. काल डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हटलं, आधी दहा दिवस फिरून येऊ का? ते म्हणाले, तुमची मर्जी.”

कीबोर्डवरचा काकांचा हात थांबला. डॉक्टर लोकांना काय काय म्हणतात, ते या खिडकीत बसून त्यांना पाठ झालं होतं. ‘अजिबात नाही’ म्हणतात. ‘वेड लागलंय का’ म्हणतात. ‘मग माझ्याकडे येऊ नका’ असंही म्हणतात, आणि असं ऐकून आलेली माणसं पुढे पेढे वाटताना दिसतात. ‘तुमची मर्जी’ ऐकून आलेली माणसं थोडी असत. ती रांगेत ढकलाढकली करत नसत.

“मर्जी म्हणाले?”

“मर्जी. चहा घेणार का, असंही विचारलं.”

चहाचं विचारलं, हे अधिक वाईट होतं.

काकांनी कागद हलवले, पुन्हा जागच्या जागी ठेवले. भोकातून बायकोची फक्त बोटं दिसत होती. ती काठावर ठेवलेली होती, दिव्याची वाट बघत स्टिअरिंगवर ठेवावीत तशी.

“हल्ली जिना चढताना दम लागतो,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात चालताना लागेल. किती दिवस आहेत हो?”

नेहमीचं वाक्य काकांच्या जिभेवर तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

“मला नाही माहीत,” ते म्हणाले.

“तुम्हालाच माहीत नाही, तर आम्ही कुणाला विचारायचं?” मागचा माणूस म्हणाला.

काकांनी पडद्यावरची एकवीस तारीख खोडली.

“नवी कोणती घालू?”

“रिकामी ठेवा.”

“रिकामी ठेवली तर कॉम्प्युटर पुढे जात नाही.”

“मग त्याला हवी ती घाला.”

काकांनी एक तारीख घातली. कॉम्प्युटर पुढे गेला. बायकोने फोन परत घेतला, मागच्या माणसाला म्हणाली, “या दादा,” आणि गेली.

विमानतळावर भाऊ सोडायला आला. एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस, पण ताईच्या बॅगेचं चाक उगाच फिरवून बघत राहिला. “दाजी, पोचलात की कळवा,” एवढंच म्हणाला. परत कधी, हे त्याने विचारलं नाही. सहली विकणारा माणूस हा प्रश्न विसरत नाही.

दुसरी बस उशिरा सुटली. ड्रायव्हरने चढावर चुकीचा गिअर टाकला, तेव्हा बायको अस्वस्थ झाली. तिने शेवटी त्याच्या पाठीमागची जागा पकडली आणि पुढचे सगळे गिअर मराठीत सांगितले. ड्रायव्हर मान हलवत होता. डांबर संपलं तिथे त्याने दोघांना उतरवलं, समुद्राकडे बोट केलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि घाईने बस वळवली.

समोर वाळूचा पट्टा होता. कडेने लाकडी खांब, टोकाला घर. दोन्ही बाजूंना समुद्र होता आणि त्याने पट्ट्याच्या कडा आधीच ओल्या केल्या होत्या.

“उद्या सकाळी जाऊ,” काका म्हणाले. “गावात कुठेतरी टेकू.”

“चला हो.” ती चालायला लागलीसुद्धा.

अर्ध्या वाटेवर ती थांबली. एका खांबाला हात टेकला, दुसरा पोटावर ठेवला. “दम खाते जरा,” म्हणाली. चेहरा वाळूच्या रंगाचा झाला होता. काका दोन बॅगा घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. पाणी लाटांनी येत नव्हतं. आवाज न करता, पत्ता माहीत असलेल्या माणसासारखं येत होतं. काकांनी मागे बघितलं, पुढे बघितलं. दोन्हीकडे अंतर तेवढंच होतं.

घराकडून कुणीतरी येत होतं. गुडघ्याएवढे बूट, कानांवरून ओढलेली टोपी, आणि पुढे एक एकचाकी गाडी, बांधकामावर वाळू वाहतात तसली. माणूस अगदी जवळ आला, तरी बाई की बुवा ते कळेना. त्याने दोघांकडे पाहिलं. बॅगांकडे बोट केलं, मग गाडीकडे.

बायकोने गाडी नीट न्याहाळली. विकत घ्यायची असावी तशी चाकावर बुटाची टोच मारून पाहिली.

“बॅगा तुम्हीच घ्या,” ती काकांना म्हणाली.

आणि गाडीत बसली. पाठ ताठ, पाय जुळवलेले, पर्स मांडीवर. घरमालकाने दांडे उचलले. त्याला जोर लावावा लागला नाही, हे काकांनी पाहिलं.

“एकच चाक आहे, तोल सांभाळा,” ती घरमालकाला म्हणाली. “आणि वळताना हळू.”

घरमालक त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. बहुतेक ‘बरं’ असावं.

गाडी निघाली. मागून काका. काही वेळाने त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा गावाकडचा रस्ता नव्हता. शेवटच्या काही हातांतली त्यांची पावलं तेवढी दिसत होती, बॅगांच्या वजनाने खोल गेलेली, पाण्याने भरलेली. शेजारून चाकाची रेघ गेली होती. ती इतकी उथळ होती, की दिसायला वाकावं लागलं.

काका सरळ झाले. पुढे पाहिलं. बॅगा हातातच होत्या. रेघेवर पाय पडणार नाही अशा बेताने ते जरा कडेने, पाण्यातून, चालू लागले.