तिच्या पायापुरती उंची

कर्तव्य आणि माया यांच्यात ज्याने आयुष्यभर कर्तव्याची बाजू घेतली, त्याला दोषी म्हणणे कठीण असते. परंतु त्याच्या मायेचे माणूस तेवढा काळ वाट पाहत उभे राहिलेले असते, हेही खोटे नसते.

जंगल खात्यातल्या त्या ड्रायव्हरचे असेच झाले होते. खात्याच्या जीपमध्ये घरचे माणूस बसवायचे नाही, हा नियम त्याने इतक्या कसोशीने पाळला की गल्लीत त्याचे नावच ‘नियमभाऊ’ पडले. एकदा भर उन्हात बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्याने चाललेली दिसली. त्याने हॉर्न वाजवला, मान डोलावली आणि जीप पुढे नेली. संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, “हॉर्न मात्र छान आहे हो साहेबांच्या गाडीचा!”

पुढे दोघेही निवृत्त झाले, तो आणि जीप. मोडीत निघालेली जीप त्याने लिलावात घेतली आणि मागच्या अंगणात आणून उभी केली.

“तुला टेकडीवरच्या टेहळणीच्या मनोऱ्यापर्यंत नेईन,” तो म्हणाला. “तिथून सगळं रान दिसतं.”

“नेलंत म्हणजे खरं,” ती म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी तिने सीटची मापे घेऊन नवी कव्हरे शिवायला काढली.

हिवाळाभर अंगणात काम चालले. गंज खरवडला, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिन उतरवून पुन्हा बांधले. टेकडीचा रस्ता खडकाळ. म्हणून मित्राच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या सल्ल्याने त्याने स्प्रिंगचे जुने पाटे काढून जाड पाटे बसवले, टायरही मोठे घातले. जीप वीतभर उंच झाली.

“हत्ती झाला हत्ती!” मिस्त्री खूश होऊन म्हणाला.

निघायच्या सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून आली. दाराची कड धरून तिने उजवा पाय उचलला. गुडघा अर्ध्यावरच अडला. पुन्हा उचलला. मग पाय खाली ठेवून ती हसली.

“थांब, स्टूल आणतो. मी खालून आधार देतो.”

“आणि मिस्त्रीभावजी वरून ओढतील! अहो, मी काय पोतं आहे? तुम्ही या जाऊन. मी फाटकातून हात करते. मला सवय आहे.”

शेवटचे तीन शब्द ती अगदी सहज बोलली. निसटलेला पाना बोटांवर बसावा तसे ते त्याला लागले. इंजिनातली केसाएवढी फट मापून बसवणाऱ्या त्याने रोज डोळ्यांसमोर वावरणारा गुडघा मात्र मापात धरला नव्हता.

तो गेला नाही. दुपारभर अंगणात बसून तिचे येणे-जाणे पाहत राहिला. ओटीची पायरी ती भिंत धरून चढे; स्वयंपाकघराची मात्र कशालाही न धरता. ती आत गेल्यावर त्याने टेप लावून त्या पायरीचे माप घेतले आणि जॅक काढला.

“वेडबिड लागलं का, नियमभाऊ?” मिस्त्री ओरडला. “लोक माझ्याकडे गाडी उंच करायला येतात, तुम्ही ठेंगणी करताय? टेकडीवर पोट घासेल तिचं!”

“जिथे घासेल तिथून माघारी फिरू.”

“आणि मनोरा?”

“मनोरा मी आयुष्यभर पाहिलाय रे.”

मिस्त्री बाह्या सरसावून गाडीखाली शिरला.

जुने पाटे पुन्हा चढले, टायर लहान झाले, आणि दाराखाली एक रुंद, खरखरीत पायदान जोडले गेले. स्वयंपाकघराच्या पायरीइतक्याच उंचीचे.

त्याने हाक मारली तेव्हा ती हात पुसत बाहेर आली. पायदानाकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. एक पाय टेकवला, दुसरा आत घेतला, आणि बसली.

“बसले की हो मी!”

त्याने जीप फाटकाबाहेर काढली.

“हळू चालवा,” ती म्हणाली. “मला सगळं बघायचंय.”

गल्ली संपेपर्यंत त्याने दुसरा गिअर टाकलाच नाही.

त्यांची वाट जिथवर जाईल तिथवर सुखाची होवो. उशिरा का होईना, ज्यांना एकमेकांशेजारी बसायला जागा मिळाली, त्यांच्यासाठी दिवसाने मावळण्याची घाई करू नये.