दहाव्या मिनिटाचं खोटं

मित्रांनो, मी भिंतीवरचं एक जुनं घड्याळ आहे. अकरा वर्षं एका शाळेची घंटा माझ्याकडे बघून व्हायची. मुख्याध्यापकसुद्धा माझ्या शब्दाबाहेर नव्हते. आणि उतारवयात नशिबी काय आलं, तर खोटं बोलण्याची नोकरी.

झालं असं, की मानसशास्त्राच्या एका संशोधक बाईंनी मला विकत घेतलं. माणूस खऱ्या वेळेने थकतो की डोळ्यांना दिसणाऱ्या वेळेने, हे त्यांना शोधायचं होतं. माझ्या पोटात एक कळ बसवून त्यांनी मला दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत टांगलं. ती फिरवली की मी कधी पुढे पळायचो, कधी मागे रेंगाळायचो.

तिथे शिंपीणकाकू यायच्या. मोडलेला पाय सांधला होता, पण शिलाई मशीन चालवण्याइतका जोर त्यात येत नव्हता. दुकान चार महिने बंद होतं. रोज दहा मिनिटं कठडा धरून चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पुढे पळालो, की माझ्या दहाव्या मिनिटाला खरी सातच मिनिटं झालेली असायची. तरी काकू मटकन बसायच्या आणि म्हणायच्या, "झालं बाई, जीवच नाही उरला पायात."

मग डॉक्टरांना विचारून बाईंनी मला मागे रेंगाळायला लावलं. माझ्या दहा मिनिटांत काकू खरी चौदा मिनिटं चालल्या. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

प्रयोग संपल्यावर बाईंनी सगळं खरं सांगितलं. काकूंचा चेहरा उतरला.

"म्हणजे फसवलंत मला?"

"हो काकू. रागावलात तरी चालेल."

काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता आपले बारा वाजले, असंच मला वाटलं.

"घड्याळ खोटं," त्या म्हणाल्या, "पण चालले ते पाय माझेच ना?"

पुढे माझी कळ काढली, पण प्रयोगानंतर कुणीतरी माझ्यावर चिकटवलेली 'नादुरुस्त' ही चिठ्ठी तशीच राहिली. मी बिनचूक वेळ दाखवायचो आणि लोक चिठ्ठी वाचून मनगटाकडे बघायचे. फार वाईट वाटायचं. एक दिवस काकू काठीशिवाय आल्या आणि त्यांनी मला मागून घेतलं.

"अहो, ते बिघडलंय," शिपाई म्हणाला.

"ते कुठलं बिघडतंय? तुम्हीच बिघडवलंत त्याला," म्हणत त्यांनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

आता मी त्यांच्या दुकानात असतो, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. गिऱ्हाइकांना मी दिसतो, काकूंना नाही. मित्रांनो, मला पुसा, वेळेवर किल्ली द्या, पण दमल्यासारखं वाटलं तर आधी पायांना विचारा. मला नंतर.